मैत्रिणीच्या प्रचाराची पाटी माझ्या अंगणात लावू का?

पत्र

ताई, नमस्कार.

शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. आमचं घर शहराच्या दक्षिणेला, 204 नंबरच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे. मी तीन वर्षांपूर्वी सिटिझन झाले. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण येत्या एप्रिलमध्ये स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी आहे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा हिनं महिनाभर रोज डबा आणून दिला होता. माझ्यासाठी ती बहीणच.

माझा मोठा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. शाळेत त्याचा आयईपी (त्याच्या गरजेप्रमाणे आखलेला शिक्षणाचा आराखडा) आहे, वर्गात मदतीला एड, म्हणजे मदतनीस असते. हे आम्ही बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. 'स्पीचची थोडी मदत लागते' एवढंच सगळ्यांना माहीत. दिवाळीच्या फराळाला मैत्रिणीकडे वीसेक जण जमलो होतो. प्रचाराचं बोलणं निघालं तेव्हा ती म्हणाली, "एकेका मुलामागे एकेक एड बसवून ठेवलीय, म्हणून आपल्या हुशार मुलांच्या गिफ्टेड वर्गांना पैसे उरत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

आता ती म्हणते, तुझं घर कोपऱ्यावरचं, पहिली पाटी तुझ्याच अंगणात लागली पाहिजे. मराठी मंडळाच्या ईमेलवरून सगळ्यांना निरोप आलाय, 'आपल्या माणसाला मत द्या, फक्त तिलाच द्या, बाकीची मतं कोरी ठेवा.' माझे दीर एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांनी तिला 200 डॉलरचा चेक दिला. सासूबाईंचं ग्रीन कार्ड आहे. त्यांना लायब्ररीबाहेर कुणीतरी मतदार नोंदणीचा फॉर्म दिला, तर त्या म्हणतात, मीही मत देते. नवरा म्हणतो, मत गुप्तच असतं, पाटी लाव आणि गप्प बस. मी काय करू?

एक आई, नेपरव्हिल

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं ते मला कळलंय, आणि त्यावर सविस्तर बोलायचंच आहे. पण आधी घरातल्या दोन गोष्टी आजच्या आज निस्तर.

सासूबाईंचा फॉर्म. तो भरलेला नसेल तर फाडून टाक. भरून पाठवला असेल तर काउंटी क्लर्कला लेखी कळवून नोंदणी रद्द करून घे, त्या पत्राची प्रत जपून ठेव, आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोल. ग्रीन कार्डवर वर्षानुवर्षं राहिलेल्या, टॅक्स भरणाऱ्या, नातवंडं शाळेत असलेल्या माणसालाही तुमच्या इलिनॉय राज्यात स्कूल बोर्डासाठी मत देता येत नाही. नुसतं मत नाही, नोंदणीसुद्धा चालत नाही, कारण त्या फॉर्मवर 'मी अमेरिकेची नागरिक आहे' या वाक्याखाली सही असते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ आली की त्यात सरळ प्रश्न येतो: तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, कधी मत दिलंय का? चुकून झालं, कुणी आग्रह केला, भाषा कळली नाही, हे सगळं तिथे फार थोडं ऐकून घेतात. माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो. आणि हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत घडतं असंही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणी आपोआप व्हावी अशी यंत्रणा इलिनॉयनं आणली, आणि तिच्यातल्या एका दोषामुळे नागरिक नसलेल्या पाचशेहून अधिक लोकांची नावं नोंदणीसाठी पुढे गेली. 2020 मध्ये ते उघडकीला आलं. म्हणून सासूबाईंना दमात घेऊ नकोस. ज्यानं फॉर्म पुढे केला त्यानंही भल्याच हेतूनं केला असेल. त्यांना शांतपणे बसवून समजाव.

त्यांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांग. बोर्डाच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. इलिनॉयच्या ओपन मीटिंग्ज कायद्यानुसार सभेचा अजेंडा किमान 48 तास आधी लावावा लागतो, आणि जनतेला बोलायला वेळ द्यावा लागतो. त्यांना वाटलं तर शाळेबद्दल दोन मिनिटं बोलू शकतात, मराठीत लिहून आणलेलं तू इंग्रजीत वाचून दाखव. शिकागो शहरात तर बहुतेक सरकारी शाळांची आपापली लोकल स्कूल कौन्सिल असते, आणि तिच्या निवडणुकीत पालकांना नागरिकत्व विचारलंच जात नाही. तुमच्याकडे तसं नाही. ते असावं असं मला मनापासून वाटतं, पण माझ्या वाटण्यानं सासूबाईंचं ग्रीन कार्ड सुरक्षित राहणार नाही.

आता दिरांचा चेक. अमेरिकेच्या कायद्यानं परदेशी नागरिकाला इथल्या कुठल्याही निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षाच्या नाहीत आणि स्कूल बोर्डाच्याही नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना त्यातून सूट आहे, एच-वन-बीवाल्यांना नाही. तुझे दीर प्रेमानं 200 डॉलर देऊन बसले आणि तुझ्या मैत्रिणीनं प्रेमानंच घेतले, दोघांनाही हे ठाऊक नसणार. त्यांनी तिला आजच ईमेल करावी: मी एच-वन-बीवर आहे, मला देणगी देता येत नाही, कृपया परत करा. तिनं रक्कम चेकनं परत करावी आणि दोघांनी नोंद ठेवावी. मग दिरांना हवं तर तिची पत्रकं घेऊन दारोदार फिरू देत. बिनपगारी, स्वतःच्या वेळात प्रचार करायला त्यांना बंदी नाही. फक्त पैसे कुठे खर्च करायचे, कुणाकडून घ्यायचे, असल्या निर्णयात त्यांनी पडू नये.

मंडळाच्या ईमेलचंही इथेच सांगून टाकते. तुमचं मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल (बहुतेक मंडळं तशीच नोंदलेली असतात), तर एका उमेदवाराला मत द्या असं संस्थेच्या नावानं सांगणं 1954 पासून निषिद्ध आहे. पाडव्याच्या कार्यक्रमाला सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्न विचारा, ते चालतं. अध्यक्षांना फोन करून एवढं सांग. भांडू नकोस. उद्या गणपतीच्या हॉलचं भाडं भरताना संस्थेची करसवलत गेली तर ती सगळ्यांच्याच अंगावर येईल.

बाकीची मतं कोरी ठेवण्याचं काय, ते आता नीट बघू. तुमच्या बोर्डात सात जण असतात, प्रत्येकाची मुदत चार वर्षांची, पगार शून्य. विषम वर्षांच्या एप्रिलमध्ये पहिल्या मंगळवारी निवडणूक होते, त्यात सातांतल्या तीन किंवा चार जागा भरतात. चार जागा असल्या की तुला चार मतं, आणि सर्वांत जास्त मतं मिळालेले पहिले चौघं निवडून येतात. बॅलटवर कुणाच्याच नावापुढे पक्ष नसतो. तू तुझ्या मैत्रिणीला एक मत दिलंस आणि उरलेली तीन तिच्याच प्रतिस्पर्ध्यांना दिलीस, तर तिचा फायदा थोडा कमी होतो हे खरं. म्हणून 'फक्त तिलाच' हा सल्ला जुना आणि कायदेशीर आहे, त्यात गैर काही नाही. पण त्याचा अर्थ बघ. सातही जण हजर असले तर बोर्डात काहीही मंजूर व्हायला किमान चार हात वर व्हावे लागतात. तुझी मैत्रीण एकटी तिथे जाऊन काय करणार? उरलेल्या तीन खुर्च्यांवर कोण बसतं यावर तुझ्या मुलाचं बरंच काही अवलंबून आहे, आणि तुझी तीन मतं कोरी राहिली तर त्या खुर्च्या दुसरेच लोक ठरवणार. तेही फार थोडे लोक, कारण एप्रिलच्या निवडणुकीला बहुसंख्य मतदार फिरकतच नाहीत. 2025 मध्ये ती 1 एप्रिलला झाली, आणि पाडवा 30 मार्चला होता. आपल्यातल्या कितीतरी घरांत श्रीखंड संपलं नसेल आणि मतदान होऊनही गेलं असेल.

मी काही वर्षं इलेक्शन जज म्हणून मतदान केंद्रावर बसले आहे. शाळेच्या जिममध्ये घडीच्या टेबलामागे आम्ही पाच जणी, आणि दुपारच्या वेळी अर्धा-अर्धा तास कुणीच यायचं नाही. एकदा एक आजोबा वॉकर ढकलत आले, त्यांची नातवंडंसुद्धा शाळेतून बाहेर पडून जमाना झालेला. त्यांनी बॅलटवरचं एकेक नाव बोट ठेवून वाचलं, मग खिशातून कात्रण काढलं, मग पुन्हा वाचलं. त्यांच्या मागे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला त्यांच्याकडे बघत बसता आलं. तेव्हापासून मी मतदानाला जाताना कागद घेऊन जाते.

आता मैत्रिणीच्या त्या वाक्याकडे येते. तुला ते लागलं, आणि लागणारच. पण ते खरं आहे का, हे आधी बघू, कारण उद्या तिच्यासमोर बसशील तेव्हा तुझ्याकडे रडण्याखेरीजही काही असायला हवं.

1975 पर्यंत या देशात अपंगत्व असलेल्या 10 लाखांहून अधिक मुलांना सरकारी शाळेत घेतलंच जात नव्हतं. दारातून परत पाठवायचे. त्या वर्षी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं कायदा केला: प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे, विनामूल्य, सरकारी शाळेत शिक्षण मिळालंच पाहिजे. तुझ्या मुलाचा आयईपी त्याच कायद्यातून आलाय. मार्च 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं आणखी स्पष्ट केलं, की नावापुरती प्रगती दाखवून शाळेला सुटता येणार नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी खरी प्रगती होईल असा आराखडा हवा. तो खटला कोलोरॅडोतल्या एका मुलाच्या आईबापांनी लढवला होता. तो मुलगाही ऑटिस्टिकच.

म्हणजे तुझी मैत्रीण निवडून आली आणि तिनं कितीही ठरवलं, तरी तुझ्या मुलाची एड ती काढून घेऊ शकत नाही. एड हवी की नको हे आयईपीची टीम ठरवते, आणि त्या टीममध्ये तू आहेस. एवढं वाचून आज रात्री जरा शांत झोप.

पैशाचं मात्र तिचं म्हणणं अर्धवट बरोबर आहे, आणि तो अर्धवटपणाच घातक आहे. विशेष शिक्षणाला खर्च जास्त येतो. 1975 मध्ये वॉशिंग्टननं सांगितलं होतं की वरच्या खर्चाचा 40 टक्क्यांपर्यंतचा वाटा आम्ही उचलू. तो त्यांनी आजवर एकाही वर्षी उचललेला नाही. प्रत्यक्षात 15 टक्क्यांच्याही खाली येतं. उरलेलं राज्य आणि डिस्ट्रिक्ट भरतात, आणि इलिनॉयमध्ये डिस्ट्रिक्टचा पैसा मुख्यतः तुमच्या-आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. तेव्हा गिफ्टेडच्या वर्गाला पैसे कमी पडत असतील तर ते तुझ्या लेकानं खाल्लेले नाहीत. पन्नास वर्षं न पाळलेल्या शब्दाची ती थकबाकी आहे. स्कूल बोर्डाला उभ्या असलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं. नसेल तर कुणीतरी सांगायला हवं, आणि तिला सांगायला तुझ्याइतकी योग्य दुसरी कोण?

तिच्या बाजूचंही बोलते. गणितात दोन वर्षं पुढे असलेलं मूल वर्गात कंटाळून खिडकीबाहेर बघत बसतं, हे दुःख खोटं नाही. आपल्याकडच्या आया त्यावर बोलतात तेव्हा त्यांना 'मुलांच्या मागे लागलेल्या' म्हणून हसलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. इलिनॉयमध्ये 2018 पासून कायदाच आहे की प्रत्येक डिस्ट्रिक्टनं मुलांना लवकर पुढच्या इयत्तेत किंवा एखाद्या विषयात पुढे जाऊ देण्याचं धोरण ठेवलं पाहिजे, आणि ते सगळ्या मुलांना खुलं हवं. ते धोरण नीट राबवलं जातंय का, हे विचारणं तिचं काम आहे आणि ते तिनं जरूर करावं. त्यासाठी एड बसलेल्या मुलाकडे बोट दाखवायची काहीच गरज नाही. आणि गिफ्टेडच्या वर्गातही आयईपी असलेली मुलं असतात. दोन्ही रांगांत उभं असलेलं ते मूल तिच्या वाक्यात कुठे बसतं, हे तिला विचार.

मग बोर्डाच्या हातात असतं तरी काय, असं तुला वाटेल. पुष्कळ असतं. सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी नेमणं त्यांचं काम. बजेट त्यांचं. दोन शिक्षक मिळून एक वर्ग चालवतात तसे वर्ग किती ठेवायचे, एडना काय पगार द्यायचा म्हणजे त्या टिकतील, त्यांना शिकवायचं कुणी, शाळांच्या हद्दी कुठे आखायच्या, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. तुमच्याच 204 मध्ये नोव्हेंबर 2024 ला मतदारांनी इमारतींच्या कामांसाठी 42 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. इमारत नव्यानं रचताना आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी एक शांत खोली काढायची की नाही, हे कुणीतरी टेबलावर मांडावं लागतं. आपणहून कुणाच्या डोक्यात ते येत नाही.

'आपलं माणूस' या शब्दावर मला तुझ्याशी जरा मोकळं बोलायचंय. आपल्या मुलांच्या शाळेचं बोर्ड आपण थेट मत देऊन निवडतो, ही गोष्ट आपल्याला तशी नवीच. पुण्या-नाशकाकडे महापालिकांची शिक्षण मंडळं असायची, त्यांना लोक 'स्कूल बोर्ड'च म्हणायचे, पण त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत. आई-बापांना कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारतात, आणि त्या टेबलापाशी नऊवारी नेसलेल्या आजीचं नाव नीट उच्चारू शकणारी बाई बसली तर मला आनंदच आहे. रूट 59 च्या दोन्ही बाजूंना आपली इतकी कुटुंबं राहतात, आपली मुलं त्या शाळांत इतकी आहेत, मग बोर्डात आपला चेहरा असावा ही इच्छा रास्त आहे. 2021 मध्ये आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळेत शिकवणं सक्तीचं करणारं पहिलं राज्य इलिनॉय ठरलं, तेही कुणीतरी चिकाटीनं मागणी केली म्हणूनच.

पण तुझा मुलगाही आपलाच आहे ना? दिवाळीच्या त्या खोलीत वीस माणसं होती. त्यात आणखी एखादी आई असेल, जिनं 'स्पीचची थोडी मदत' असंच सांगून ठेवलंय आणि तुझ्यासारखीच ताटलीकडे बघत राहिली. मला तर खात्री वाटते की असेलच. आपल्या लोकांत हे लपवण्याची सवय इतकी खोल आहे की 'आपली माणसं' म्हणताना ही मुलं मोजणीतूनच गळतात. मी तुला दोष देत नाही. लपवावंसं का वाटतं हे मला माहीत आहे. लोक मुलाकडे बघायची नजर बदलतात, वाढदिवसाची बोलावणी थांबतात, 'तुमच्याकडे कुणाला होतं का' असं हळूच विचारतात.

स्वतःचं एक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका निवडणुकीत ओळखीचे एक गृहस्थ उभे होते. आपले, सज्जन, अडीअडचणीला धावून येणारे. मी त्यांना एकही प्रश्न न विचारता मत दिलं, चार जणींना द्यायला लावलं. ते निवडून आले, आणि ज्या उपक्रमावर माझ्या भाचीची सगळी भिस्त होती तो बंद करायच्या ठरावाला त्यांनीही हात वर केला. बहीण माझ्यासमोर रडली. मी त्यांना जाब विचारायला गेले तर ते खरंच गोंधळले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी बोलला असता तर!" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

म्हणून माझं तुला स्पष्ट सांगणं आहे: बोल. मतदानाच्या आधी, दोघींनीच, आणि लवकर. नवरा म्हणतो ते 'पाटी लाव आणि गप्प बस' सोयीचं आहे, पण त्यात तू दोनदा खोटी पडतेस, एकदा अंगणात आणि एकदा बॅलटवर. आणि ज्या बाईनं महिनाभर डबा दिला तिला तुझ्याकडून मत मिळण्यापेक्षा खरं काय ते कळणं जास्त गरजेचं आहे. डब्याची फेड मतानं होत नसते. कधी ती आजारी पडली, तिची आई आजारी पडली, की तू तिच्या दारात डबा घेऊन उभी राहशीलच.

पण बोलण्याआधी लेकाला विचार. बारा वर्षांचा आहे, ही गोष्ट तुझ्याइतकीच त्याचीही आहे. 'मावशीला तुझ्या शाळेतल्या मदतीबद्दल सांगू का?' इतकं साधं. तो बोलून नाही सांगू शकला तर त्याला जसं सांगता येतं तसं सांगू दे. नको म्हणाला तर ते पाळ. तसं झालं तर मैत्रिणीला मुलाचं नाव न घेता गाठ. उमेदवारांचे जाहीर कार्यक्रम होतात, लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था घेते, पालक संघटना घेतात, प्रश्न चिठ्ठीवर लिहून देता येतो. स्थानिक वर्तमानपत्रं उमेदवारांना प्रश्नावली पाठवतात, तिची उत्तरं वाच. तिलाच ईमेल कर: विशेष शिक्षणाबद्दल तुझी भूमिका काय?

तो हो म्हणाला, तर तिला घरी बोलावू नकोस. चहा करण्यात, भांडी उचलण्यात आपण दोघी लपून जातो. रिव्हरवॉकवर चालायला घेऊन जा. चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि रडू आलं तर नदीकडे तोंड फिरवता येतं. पहिल्या पाच मिनिटांतच सांग, लांबण लावू नकोस. "दिवाळीला तू एडबद्दल बोललीस ना, त्यातली एक एड माझ्या मुलाजवळ बसते." आणि मग थांब. तिला बोलू दे. ती गडबडेल, 'मला माहीतच नव्हतं' म्हणेल, कदाचित 'तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस' म्हणून तीच दुखावेल. तो दुखावा खरा असेल, त्याचीही माफी माग. पण विषय तिथे बदलू देऊ नकोस. तिला विचार की विशेष शिक्षणाच्या वर्गात ती कधी जाऊन बसली आहे का. पैसे अपुरे पडले तर ती सगळ्यात आधी कशाला हात लावेल, हे विचार. तो 40 टक्क्यांचा हिशोब तिला सांग. आणि एक अट आधीच घाल: माझ्या मुलाची गोष्ट तुझ्या भाषणात येणार नाही, नाव न घेताही नाही.

ती काय म्हणते यापेक्षा पुढचे दोन-तीन आठवडे ती काय करते ते बघ. पुढच्या बैठकीत तेच वाक्य पुन्हा बोलली, की बदललं? शाळेत जाऊन आली का? तुला एखादा प्रश्न परत विचारायला फोन केला का? हे दिसलं तर तिला मत दे, आनंदानं दे, आणि पाटीही लाव, कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांवरून दिसेल अशी. अशी बाई बोर्डात असणं तुझ्या मुलाच्या फायद्याचंच आहे. चूक कळल्यावर बदलणारं माणूस त्या टेबलाशी फार कमी वेळा बसतं.

आणि नाही दिसलं तर नको देऊस. पाटीचं तिला तोंडावर सांग: "या वेळी माझ्या अंगणात नको." का, ते तिला माहीत असेलच. मत कुणाला दिलंस हे मात्र तिला, मंडळाला, नवऱ्याला, कुणालाही सांगायला तू बांधील नाहीस. बाकीच्या उमेदवारांनाही तेच दोन प्रश्न पाठव, जे नीट उत्तर देतील त्यांची नावं कागदावर लिहून ने. मतं मात्र सगळी वापर.

या दुसऱ्या वाटेनं गेलीस तर मैत्री काही दिवस आंबट होईल. मंडळात कुजबुज होईल, कोपऱ्यावरचं घर असूनही पाटी नाही म्हणून. निकाल लागेपर्यंत फोन येणार नाही कदाचित. ती हरली तर दुसऱ्या दिवशी तू फोन कर. जिंकली तर निवडणुकीनंतर काही आठवड्यांत नवीन सदस्यांची शपथ होते, त्या सभेला जाऊन बस. सासूबाईंना घेऊन जा. जनतेच्या बोलण्याच्या वेळेत आधी नाव दिलं की झालं.